सिगारेट सुटली, आता पोटाचं बघू : शिरोलीतल्या एका फौंड्रीच्या प्रकल्प नोंदी

३१ मे २०२४, शुक्रवार

जागतिक तंबाखूविरोधी दिन. सकाळी गेटवर फलक, भाषण, सामुदायिक शपथ, फोटो. शपथ संपल्यावर बरीच मंडळी समोरच्या टपरीकडे वळली, हेही नोंदवून ठेवते.

खरं काम दुपारी झालं. कंपनीच्या डॉक्टरांबरोबर बसून वार्षिक तपासणीतले फुफ्फुसांच्या क्षमतेचे आकडे पाहिले. फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, वाळूची धूळ आहेच. त्यात विडी-सिगारेटचा धूर गेला की नुकसान जास्त वेगानं दिसायला लागतं. सोडायची इच्छा असलेल्यांचा एक गट डॉक्टर चालवणार, ज्यांना गरज आहे त्यांना निकोटिनचा गम देणार. माझ्याकडे आलेला भाग म्हणजे सोडल्यानंतर वाढणारं वजन. डॉक्टर म्हणाले, गेल्या वर्षी ज्यांनी सोडली होती त्यांतले काही जण "पोट सुटायला लागलं" एवढ्याच कारणावर परत ओढायला लागले. त्यामुळे यंदा आहाराचं काम पहिल्या दिवसापासून सोबतच ठेवायचं.

नोंदींत नावं घालणार नाही. ज्याचं जे खातं, त्यावरून ओळख.

३ जून, सोमवार

पहिल्या भेटी. प्रत्येकाला एकच प्रश्न आधी विचारला, सोडल्यावर काय होईल असं वाटतं? छाती, खोकला, पैसे यांबद्दल कमी बोलले. पोटाबद्दल सगळे बोलले. भट्टीवरचे मामा म्हणाले, "बिडी सोडली की माणूस फुगतंय, मॅडम. माझा चुलता बघा की." प्रत्येकाकडे असा एक चुलता आहे.

फेटलिंगमधला, म्हणजे ओतलेल्या भागांच्या कडा घासून साफ करायच्या खात्यातला पोरगा तर हिशेबच मांडून आला होता. लहानपणी तालमीत होता, कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. सिगारेट लागल्यापासून वजन आटोक्यात राहिलं असं त्याचं ठाम मत. डिसेंबरात लग्न आहे. सिगारेट सोडायचीय ती होणाऱ्या बायकोला वास आवडत नाही म्हणून, आणि सोडायला घाबरतोय तो शेरवानीच्या मापामुळे.

मापं घेतली. वजन, उंची, कंबर, आणि निकोटिनचं व्यसन किती पक्कं आहे ते मोजणारे फॅगरस्ट्रॉमचे सहा प्रश्न. यातला सर्वांत उपयोगी प्रश्न पहिला असतो, उठल्यावर किती वेळात पहिली ओढता? मामा पाच मिनिटांच्या आतले. कंबरेसाठी आपल्याकडच्या पुरुषांची मर्यादा ९० सेंटिमीटर धरली आहे, बीएमआयसाठी, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाच्या आकड्यासाठी, २३. युरोपीय माणसाची २५ची रेषा आपल्या हाडापेराला लावली तर निम्मी ढेरी कागदावर दिसतच नाही.

एक ठरवलं. वजन महिन्यातून एकदाच करायचं, दवाखान्यात, दार लावून. गेटवरच्या काट्यावर रोज चढायचं नाही.

६ जून, गुरुवार

आज कोणाला काही सांगितलं नाही, नुसती शॉप फ्लोअरवर फिरले. बघायचं होतं ते हे की सिगारेट नक्की कधी ओढली जाते.

साच्याचं काम एका टप्प्यावर आलं की कोणीतरी सुपरवायझरकडे बघून दोन बोटं ओठांशी नेतो, सुपरवायझर मान हलवतो, माणूस पॅटर्न शॉपच्या मागं जातो. पाच-सात मिनिटं. कोणी हाक मारत नाही, कोणी काम सांगत नाही. त्याच वेळी न ओढणारा कामगार मशीनवरच उभा. त्याला "जरा बाहेर जाऊन येतो" म्हणायची सोय नाही, कारण लगेच विचारणार, कशाला?

म्हणजे सोमवारपासून हे लोक सिगारेटबरोबर दिवसातल्या सगळ्या छोट्या सुट्ट्याही सोडणार आहेत. मग त्या सुट्ट्या परत मिळवायला काहीतरी निमित्त लागणार, आणि या फौंड्रीत दुसरं मान्य निमित्त एकच आहे, कँटीन. चहा घेऊन येतो, वडा खाऊन येतो. भूक वाढते ती वाढतेच, पण इथं भुकेच्या आधी पायच कँटीनकडे वळणार.

प्रॉडक्शन मॅनेजरांकडे मागणी केली. गटातल्या लोकांना कारण न विचारता पाच मिनिटं बाहेर जाऊ द्या, पूर्वी ओढायला देत होता तेवढीच. त्यांना पटायला वेळ लागला. "मग ओढणारे आणि सोडणारे सारखेच की!" म्हणाले. हो, सारखेच. फेटलिंग आणि कोअर शॉप या दोन खात्यांत करून बघू म्हणाले. लिंबाखाली एक बाकडं आणि पाण्याचा माठ ठेवायचं मान्य झालं. तिथं चहा नाही, खाणं नाही.

१० जून, सोमवार

सोडायचा दिवस. सकाळच्या पाळीत सगळे जरा जास्तच हसत होते.

गटाला अर्धा तास दिला. वजन का वाढतं ते लपवायचं नाही असं आधीच ठरवलेलं. निकोटिन मेंदूतल्या पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या पेशींना डिवचतं, म्हणून ओढणाऱ्याला भूक कमी लागते. शिवाय शरीराची खर्चाची गती थोडी चढवून ठेवतं. दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्याचा खर्च साधारण दोनशे कॅलरींनी जास्त होतो, म्हणजे साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी. सोडल्यावर ही भाकरी शिल्लक पडायला लागते आणि त्याच वेळी जीभ सुधारते, वास नीट यायला लागतो, आमटीला चव येते. दोन्ही एकदम.

मग आकडे फळ्यावर लिहिले. २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले. औषधाशिवाय सोडणाऱ्यांचं वजन सरासरीनं पहिल्या महिन्यात सव्वा किलोच्या आत वाढतं, तीन महिन्यांत पावणेतीन-तीन किलो, वर्षात पावणेपाच किलोच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते. आणि ही सरासरी आहे. शंभरातल्या सोळांचं वजन वर्षाअखेर उलट कमी झालेलं होतं, तर तेराजणांचं दहा किलोंहून जास्त वाढलं होतं.

मामांनी विचारलं, "म्हणजे चुलता त्या तेरांतला?" बहुधा.

कोणालाही डाएट दिलेलं नाही. मुद्दाम.

१३ जून, गुरुवार

तक्रारींचा दिवस. यातल्या निम्म्या तक्रारी पुस्तकात असतात पण माणसं डॉक्टरांना सांगायला लाजतात.

मामांचं पोट सोमवारपासून साफ नाही. पन्नाशी उलटली, सकाळची बिडी आणि संडास ही जोडी तीस वर्षांची. निकोटिनमुळे आतडं हलतं, ते गेलं की बद्धकोष्ठ होतं, पुष्कळांना होतं. पोट जड, म्हणून वाटतं फुगलो, म्हणून वाटतं हीच ती चरबी. त्यांना उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पाणी, दुपारच्या डब्यात पालेभाजी आणि रात्री पेरू किंवा पपई सांगितली. आणि सकाळी त्याच वेळेला जाऊन बसायचं, बिडी नसली तरी.

कोअर शॉपमधल्या दोघांना तोंड आलंय. तेही होतं, आठवडा-दोन आठवड्यांत जातं.

सगळ्यांत मोठी तक्रार झोपेची. इथं चहाचा मामला आहे. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिन भराभर निकालात काढत असतं. धूर थांबला की तो वेग मंदावतो, आणि पूर्वीइतकाच चहा घेतला तरी रक्तात कॅफिन बरंच जास्त वेळ राहतं. हात थरथरतात, छाती धडधडते, रात्री डोळा लागत नाही, आणि माणूस म्हणतो की सिगारेट सोडल्यामुळे हे झालं. वर अर्धवट झोप झालेल्याला दुसऱ्या दिवशी गोड हवंच असतं. उपाय साधा, चहा निम्म्यावर आणा. सुट्ट्या भरायला म्हणून या लोकांनी चहा उलट वाढवलाय. कँटीनचा चहा म्हणजे ग्लासात दोन चमचे साखर.

गम घेणाऱ्यांना पुन्हा सांगावं लागलं की तो च्युइंगमसारखा चघळत बसायचा नाही. थोडा चावायचा, तिखट लागलं की गालात ठेवायचा. चहानंतर लगेच नको, पंधरा मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर नीट शोषला जात नाही. गम चालू असेपर्यंत वजनाची वाढ थोडी लांबते हेही सांगितलं.

१८ जून, मंगळवार

मावा. यायचाच होता. फेटलिंगमधल्या एकानं सिगारेटऐवजी मावा धरलाय. म्हणे भूकही मरते आणि धूरही नाही. सुपारी, तंबाखू, चुना. इथं मी गोड बोलले नाही. नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं वीस वर्षांपूर्वीच नक्की केलंय. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात सिगारेट सोडलेल्या माणसाचा मावा होणं ही ढेरीपेक्षा कितीतरी मोठी धोक्याची गोष्ट आहे. वजन चार किलो वाढलं तर ते उतरवता येईल.

तोंडात काहीतरी हवं असेल तर भाजलेली बडीशेप, लवंग, ज्येष्ठमधाची काडी. सुपारीच्या तुकड्यालाही हात नाही.

२१ जून, शुक्रवार

सोमवारी कार्डं दिली होती. खिशात मावतील अशी, तीन रकाने: वेळ, काय खाल्लं, त्याआधी काय झालं. कॅलरीचा रकाना नाही. आठवड्याभराची कार्डं येत्या सोमवारी परत येतील, पण दोन आजच आली, आणि त्यांत सगळं आहे.

"साडेअकरा. दोन समोसे. लॉट रिजेक्ट झाला, साहेब ओरडले."

"रात्री दहा. फरसाण, वाटीभर. मग अजून. आधी काही नाही, बसलो होतो."

दुसरं कार्ड मेंटेनन्समधल्याचं. त्याला विचारलं, दहाला रोज काय करायचास? म्हणाला, जेवण झाल्यावर अंगणात खुर्ची टाकून एक ओढायचो. दिवसातली तीच एक वेळ, पोरं झोपलेली, बायको आवरत असायची, कोणी काही मागायचं नाही. आता तीच खुर्ची, तीच वेळ, मांडीवर फरसाणाचा डबा. मग म्हणाला, "भूक पोटाला न्हाई मॅडम, हाताला लागत्या."

याच्यावर मी काय सल्ला देणार होते? फरसाण वाईट हे त्याला माहीत आहे. मी म्हटलं, खुर्ची सोडू नकोस. डबा घरात ठेव. हाताला काहीतरी दे. त्यानं स्वतःच सुचवलं, शेंगा. फोडायच्या शेंगा. सोललेले दाणे मुठीनं जातात, शेंग फोडायला वेळ लागतो आणि टरफलांचा ढीग दिसतो.

२४ जून, सोमवार

गटात भूक आणि तलफ वेगळी कशी ओळखायची यावर बोलणं झालं. तलफ एकदम येते, ठरावीक वस्तूच मागते, पाच मिनिटांत ओसरते. भूक सावकाश चढते आणि समोर येईल ते चालतं. मी भाकरीची परीक्षा सांगितली: या क्षणी शिळी भाकरी आणि मेथीची भाजी दिली तर खाल का? खाईन असं वाटलं तर भूक आहे, जेवा. "नको, वडाच पाहिजे" असं वाटलं तर पाच मिनिटं लिंबाखाली जाऊन या. परत आल्यावरही वडाच हवा असेल तर खा, पण बसून, ताटलीत घेऊन.

कोअर शॉपमधला एक जण म्हणाला, शिळी भाकरी तर मला कधीही चालते. त्याच्यासाठी वेगळी परीक्षा शोधावी लागेल.

२७ जून, गुरुवार

कँटीनवाल्याशी बैठक. तो वाईट माणूस नाही, त्याला धंदा करायचाय. सकाळपासून काउंटरवर वड्यांची परात उघडी असते, ती आत ठेवायला तयार झाला. मागेल त्याला द्यायचा, पण समोर नको. ताक ठेवतो म्हणाला, फुटाणे ठेवतो म्हणाला. काकडी नाही म्हणाला, पावसाळ्यात सडते. बिनसाखरेच्या चहाचा वेगळा थर्मास ठेवायला नकार, "कोण पितंय मॅडम?" मग तडजोड अशी की चहा कमी साखरेचा करायचा आणि वर साखरेची बरणी. बरणीपर्यंत हात नेणारे सगळेच नसतात.

गुळाचा मात्र वाद झाला. फौंड्रीत गूळ ठेवायची जुनी पद्धत आहे, गुळानं छातीतली धूळ निघते अशी समजूत. कोल्हापुरात गुळाविरुद्ध बोलायची माझी हिंमत नाही. पण गुळाचा खडा पोटात जातो, फुफ्फुसात नाही, आणि धूळ अडवायला मास्क लागतो. गूळ राहिला. निदान खडे छोटे करून ठेवायचे ठरले.

१ जुलै, सोमवार

फेटलिंगमधला पोरगा परत ओढायला लागला.

काय झालं ते त्यानं स्वतः येऊन सांगितलं, लपवलं नाही. कुठल्याशा व्हिडिओत बघून एकवेळ जेवण सुरू केलेलं. पहिल्या पाळीला रिकाम्या पोटी ग्राइंडर धरायचा, संध्याकाळपर्यंत पाणी. तिसऱ्या दिवशी रात्री कोल्हापुरातल्या गंगावेशीत मित्रांबरोबर दूध प्यायला गेला. दूध प्यायलं, मिसळ खाल्ली, पुन्हा दूध प्यायलं, आणि आता सगळं वायाच गेलं म्हणून सिगारेट पेटवली.

हे मी गटाला का डाएट देत नाही त्याचं कारण आहे. उपाशी माणसाची तलफ जास्त जोरात येते. पिट्सबर्गमध्ये २००१च्या आसपास वजनाची धास्ती असलेल्या बायकांवर एक अभ्यास झाला होता. एका गटाला सोडताना वजन आवरायचं शिकवलं, दुसऱ्या गटाला वजनाची धास्ती कमी करायला, थोडं वाढणारच हे मान्य करायला शिकवलं. वर्षाअखेर सिगारेटपासून लांब राहिलेल्या सर्वांत जास्त त्या दुसऱ्या गटात, आणि वजनही त्यांचंच कमी वाढलं. तिथल्या बायका आणि इथला फेटलिंगचा पोरगा यांत अंतर आहे हे मला कळतं. पण तीन दिवसांच्या उपासानंतर गंगावेशीत जे झालं ते त्या अभ्यासाच्या पानावर छापलं असतं तरी शोभलं असतं.

त्याला तीन वेळा जेवायला सांगितलं. नाश्त्याला भाकरी आणि दोन अंडी. खुराकातलं दूध एक वेळ ठेवायचं, दुसऱ्या वेळचं ताक करायचं. सिगारेट पुन्हा कधी सोडायची ते त्यानं ठरवायचं. "सोमवारी," म्हणाला. आणि शेरवानीचं माप नोव्हेंबरात द्यायचं, आत्ता नाही.

१० जुलै, बुधवार

महिन्याची मापं. मामा दीड किलोनं वर, कंबर आहे तिथंच. पोट साफ व्हायला लागल्यापासून खूश आहेत, फुगलो हा शब्द काढला नाही. मेंटेनन्सवाला दोन किलो. कोअर शॉपमधल्या एकाचं काहीच वाढलेलं नाही, तो मूळचाच कमी खाणारा. फेटलिंगचा पोरगा पुन्हा सोडून बसलाय, वजन करायला आला नाही, मी बोलावलंही नाही.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. बहुतेकांचा उपवास. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण कोणी नव्यानं सांगायला नको, साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू, वेफर्स, आणि भूक मात्र दिवसभर तशीच. नुकतीच सिगारेट सोडलेल्याला हा दिवस अवघड. भगर आणि दाण्याची आमटी, ताक, रताळं उकडून, केळं, एवढं सुचवलं. खिचडी नको म्हणायची ताकद माझ्यात नव्हती, एक वाटी म्हटलं. मामा वारकरी, माळकरी. माळ घालूनही तीस वर्षं बिडी ओढली याची त्यांना मनातून लाज होती, हे आज कळलं. यंदा ती नाही.

२७ जुलै, शनिवार

पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांच्या धोका पातळीच्या वर गेलीय. निम्मी माणसं कामावर पोचलेली नाहीत. मेंटेनन्सवाला चिखली-आंबेवाडीकडचा, ही गावं दरवेळी पहिली पाण्यात जातात. २०१९ आणि २०२१ दोन्ही पाहिलेला माणूस, यंदा गुरं आणि माणसं वेळेवर हलवली.

संध्याकाळी फोन केला. नातेवाइकांकडे आहेत, एका खोलीत नऊ माणसं. रात्री झोप नाही, पाणी किती चढलं ते मोबाइलवर बघत बसतो. भडंग आणि बिस्किटं, मदतीत आलेली पाकिटं, रात्रभर खातो. सांगताना ओशाळला होता. मी विचारलं, ओढलीस? म्हणाला, "न्हाई. पाकीट समोर होतं भावाचं. न्हाई ओढली."

मग खा की. भडंग खा, बिस्किटं खा. त्याच्या कार्डावर या आठवड्यात मी एक अक्षर लिहिणार नाही. मन हलकं करायला खाणं हा आजार आहे असं लिहिणाऱ्यांनी एकदा नऊ माणसांच्या खोलीत पाणी चढताना बसून बघावं. घर कोरडं झाल्यावर बाकीचं बघू.

तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनचा नंबर, १८००-११-२३५६, त्याला पाठवून ठेवला. तसा तो प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो, पण आपल्या माणसाच्या हातात सध्या पाकीट नाही ना.

४ ऑगस्ट, रविवार

गटारी. उद्यापासून श्रावण. तांबडा-पांढरा आणि सोबत जे काय असतं ते. परवा गटाला एकच गोष्ट सांगितली होती. मटण खा, रस्सा प्या, पण दारूपासून जपा. सोडलेली सिगारेट परत पेटते ती बहुतेक वेळा ग्लास हातात असताना. शिवाय दारूनंतर खाण्याचा हिशेब राहत नाही, तो वेगळाच.

उद्या कळेल.

६ ऑगस्ट, मंगळवार

दोघांनी ओढली. एकानं एकच, एकानं अर्धं पाकीट. दोघेही आज लिंबाखाली दिसले. डॉक्टरांनी गम पुन्हा सुरू केला.

२५ ऑगस्ट, रविवार

घरच्यांची बैठक, कँटीनमध्ये. ही जूनमध्येच घ्यायची असं माझ्या आराखड्यात होतं, सुट्टीचा दिवस आणि हॉल जुळेना.

बायका, आया, एका घरून सासूही. पहिला अर्धा तास त्यांनी नवऱ्यांचं कौतुक केलं. मग एकेकीनं सांगितलं ते मी लिहून घेतलं. एकीनं दर शनिवारी शिरा सुरू केला, एक आठवडा न ओढता गेला म्हणून. एकीनं डब्यात तूप वाढवलं, "अंगावर येऊ दे की जरा, नुसता काडी झालावता." मामी म्हणाल्या, "मीच म्हणते यांना, सोडलासा न्हवं, आता चांगलं खावा." चिडचिड वाढली की पहिला उपायही ताट पुढं करणं हाच. आणि ती चिडचिड खरी होती, एकीनं सांगितलं की जूनमध्ये पोरं बापाच्या जवळ जात नव्हती.

आनंदानं केलेला शिरा बंद करा असं कोणत्या तोंडानं सांगायचं? सांगितलं नाही. वाचलेल्या पैशांचं काय झालं विचारलं. पाकिटाचे पैसे कोणी वेगळे ठेवलेत का? कोणीच नाही, ते घरखर्चात विरघळले. मामींनी तिथल्या तिथं ठरवलं की दर शनिवारचे पैसे डब्यात टाकायचे आणि शिरा महिन्यातून एकदा. बाकीच्यांनी मान डोलावली. किती जणी करतील बघू.

रात्रीच्या जेवणाची वेळ मात्र मी धरून बसले. नऊऐवजी आठ, जेवण झाल्यावर दोघांनी चालायला जायचं. तलफेच्या वेळी दहा मिनिटं भरभर चाललं तरी ती उतरते. "दोघांनी" म्हटल्यावर हशा झाला. शेवटची फिरायला कधी गेला होता विचारलं, तर एक म्हणाली, लग्नानंतर रंकाळ्यावर.

११ सप्टेंबर, बुधवार

तीन महिन्यांची मापं, गणपतीत. मोदकांबद्दल काही बोलले नाही.

मेंटेनन्सवाला चार किलोंवर गेलाय, त्यातला बराच भाग पुराच्या दिवसांतला. तो स्वतःच म्हणाला, आता बस. त्याच्याबरोबर आज पहिल्यांदा आकड्यांत बोलले, कारण आता तो न ओढता झोपतोय, उठतोय, भांडतोय, म्हणजे सिगारेट मागं पडलीय. खाण्यात हात घालायची वेळ ही. रात्रीचा भात अर्धा, बदल्यात आमटी-भाजी; आठवड्यातून पाच दिवस चालणं; शेंगांची मोजकी वाटी. बाकी काही काढलेलं नाही.

फेटलिंगचा पोरगा दोन किलो वर. आरशात बघून येतो आणि विचारतो, दिसतंय का? त्याला ग्राइंडरवर दम लागत नाही हे सांगायला सुपरवायझर आला होता, तो स्वतः नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

इन्स्पेक्शनमधल्या साहेबांचा प्रश्न. त्यांची साखर काठावर होती, सोडल्यावर वजन वाढलं, साखर थोडी वर सरकली. त्यांनी कुठेतरी वाचलं की सिगारेट सोडल्यावर मधुमेह होतो, आणि त्यावर विचार करून दोन रात्री बिस्किटं खाल्ली.

वाचलं ते अर्धं खरं आहे. २०१८ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात सोडणाऱ्यांना पुढची काही वर्षं मधुमेहाचा धोका वाढलेला दिसला, पाच ते सात वर्षांच्या सुमारास सर्वांत जास्त, मग उतरत गेला. धोका वाढला तो ज्यांचं वजन वाढलं त्यांचा. ज्यांचं वाढलं नाही त्यांचा नाही. आणि त्याच अभ्यासात, वजन कितीही वाढलेलं असो, सोडणाऱ्यांमधले मृत्यू ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमी होते. साहेबांना कागद दाखवला, ते आकडेवाले आहेत, त्यांना कागद लागतो. त्यांच्यासाठी मात्र आहाराची शिस्त आत्तापासून, बाकीच्यांसारखी थांबून नाही: सकाळच्या पोह्यांऐवजी मोड आलेली मटकी, चहा बिनसाखरेचा, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. डॉक्टरांनी गोळीचं काय ते बघायचं ठरवलं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. कंपनीकडून मिठाईचे बॉक्स. त्याऐवजी काहीतरी वेगळं द्या, असा अर्ज मी केला होता, तो बाजूला ठेवला गेला. ठीक आहे. चकली आणि चिवडा घरोघरी असणारच. फराळ ताटात घेऊन, सगळ्यांबरोबर बसून खायचा, डबा मांडीवर घ्यायचा नाही, एवढंच कार्डाच्या मागं लिहून दिलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

निवडणूक झाली, पाळ्या पूर्ववत. प्रचारात टपरीवर फुकट चहा आणि बरंच काही होतं, तरी गटातलं कोणी घसरल्याचं कळलेलं नाही.

पाच मिनिटांच्या सुट्टीचा निर्णय आज झाला. फेटलिंग आणि कोअर शॉपमध्ये उत्पादन घटलं नाही असं मॅनेजरांनीच सांगितलं, आता ती सगळ्या खात्यांना, आणि फक्त सोडणाऱ्यांना नाही, न ओढणाऱ्यांनाही. पूर्वीपासून न ओढणाऱ्या एकानं मला थांबवून विचारलं, "आमी कवा बी बसायचं का तिथं?" हो, कधीही.

तिसऱ्या पाळीचं काम राहिलंय. रात्री अडीच-तीनला कँटीनमध्ये वड्याशिवाय काही मिळत नाही, आणि त्या वेळची भूक ही भूक, झोप आणि कंटाळा तिन्ही एकदम असते. कँटीनवाला रात्रीसाठी उकडलेली अंडी आणि मुगाची उसळ ठेवायला तयार आहे, पण दर वाढवून मागतोय. फाइल वर पाठवली.

फेटलिंगच्या पोरानं शेरवानीचं माप दिलं. शिंप्याला कंबरेत दीड इंच जादा ठेवायला सांगून आलाय, आणि मला म्हणाला की लग्नात मित्र पाकीट काढणार, तेव्हा काय करू. जानेवारीत सुरू होणाऱ्या गटासाठी हाच प्रश्न पहिल्या बैठकीत घ्यायचा, डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. गेटवरचा वजनकाटा काढून दवाखान्यात आणायचं पत्रही आज दिलं.